धनुष्याने जंगली टर्की मारताना नेम नेमका कुठे धरायचा?

अंबाझरी_तिरंदाज:

नमस्कार मंडळी. मी नागपूरचाच, गेली सहा वर्षं कंपाऊंड बो चालवतो, जिल्हा-विभाग पातळीवर खेळलोय, नोकरी सांभाळून आठवड्यातून चार दिवस रेंजवर जातो. माझा मोठा भाऊ अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो आणि एप्रिलमध्ये मी महिनाभर त्याच्याकडे जातोय. त्याच्या शेजारी एक म्हातारे शेतकरी आहेत, दरवर्षी धनुष्याने टर्की मारतात, दादाने माझ्याबद्दल सांगितलं तर म्हणाले येऊ दे त्याला, माझ्यासोबत बसेल. परमिट वगैरे दादा बघून राहिला आहे, तो माझा प्रश्न नाही.

माझा प्रश्न असा आहे की बाण लागला पाहिजे कुठे? मी आयुष्यात कागदावर आणि फोमवर सोडून कशावर बाण मारला नाही. नेटवर बघितलं तर एक म्हणतो पंखाच्या मुळाशी मार, दुसरा म्हणतो पायाची रेघ वर पकड, तिसरा म्हणतो डोकंच उडव, आणि प्रत्येकाच्या चित्रात लाल टिपका वेगळ्याच जागी. हरणाचं चित्र बघून समजतं, पण हा पक्षी फुलला की नुसता पिसांचा गोळा दिसतो, त्यात जीव कुठे आहे तेच कळत नाही. १८ मीटरवर माझे बाण रुपयाच्या नाण्याभोवती लागतात, नेमाची मला भीती नाही. भीती ही आहे की नेम बरोबर लागेल पण चुकीच्या जागी, आणि तो पक्षी जखमी होऊन कुठेतरी झुडपात दोन दिवस तडफडून मरेल. ते मला नको आहे. ज्यांना खरंच अनुभव आहे त्यांनी सांगा, प्लीज.

मॅडिसन_ते_मानेवाडा:

भावा, तुझा शेवटचा मुद्दा वाचला आणि लिहायला बसलो, इथे सकाळचे पाच वाजलेत. मी मूळ मानेवाड्याचा, विस्कॉन्सिनला बारा वर्षं झाली, त्यातली सात वर्षं टर्कीला बसतो, सगळे सीझन धनुष्यानेच.

आधी मी काय चुकलो ते सांगतो म्हणजे बाकीचं समजेल. दुसऱ्या वर्षी एक मोठा टॉम, म्हणजे पूर्ण वाढीचा नर, पंधरा यार्डावर आला आणि माझ्या डिकॉयसमोर, म्हणजे आमिष म्हणून ठेवलेल्या खोट्या टर्कीसमोर, फुलला. शेपटीचा पंखा उघडा, पंख जमिनीला घासत, छातीची पिसं फुगलेली, अगदी बाजूने उभा. मी त्या गोळ्याच्या मधोमध थोडं पुढे नेम धरला, हरणाला खांद्यामागे धरतात तसा, आणि सोडला. बाण लागला, पिसं उडाली, आणि पक्षी उडून गेला. मी चार तास शोधला त्याला. रक्त नाही, काही नाही, कारण टर्कीची पिसंच रक्त शोषून घेतात, हरणासारखा माग पडत नाही. मिळाला नाही. बाणावर नुसतं मांस आणि चरबी होती, म्हणजे मी छातीच्या जाड मांसातून बाण काढला आणि आतलं काहीच लागलं नाही. त्या दिवसानंतर मी फुललेल्या पक्ष्यावर बाजूने बाण सोडणं बंद केलं.

तर ऐक. टर्कीचा जीव, म्हणजे हृदय-फुफ्फुस मिळून जी जागा आहे, ती एका मोठ्या नागपुरी संत्र्याएवढी असते, फार तर मोसंबीएवढी. पक्षी आठ-दहा किलोचा दिसतो पण त्यातला अर्धा भाग पिसं आणि छातीचं मांस. आणि ती जागा आपल्याला वाटते त्यापेक्षा वर आणि मागे असते. इथले म्हातारे शिकारी पोरांना पहिली गोष्ट हीच सांगतात की वर लागला तर पडतो, खाली लागला तर जातो.

पक्षी बाजूने उभा असेल आणि फुललेला नसेल, मान वर करून बघत असेल, तर पंख जिथे अंगाला जोडलाय तो सांधा शोध आणि त्याच्यावरच पिन, म्हणजे बोवरचा नेमाचा ठिपका, ठेव. पंख मिटलेला असला की तो सांध्याचा उंचवटा दिसतो, दुर्बिणीतून आधी बघून ठेव. बाण तिथून गेला तर दोन्ही पंखांची मुळं तुटतात, फुफ्फुस जातं, पक्षी उडू शकत नाही. पायाची रेघ वर पकडण्याचं जे सांगतात तेही खोटं नाही, पाय वर नेत नेत अंगाच्या मध्यापर्यंत आलास तर तू जवळपास त्याच जागी पोचतोस, फक्त जरासा मागे. फुललेल्या पक्ष्यावर तोच एक भरवसा आहे कारण पिसं फुगली तरी पाय जागा बदलत नाहीत. पण मी म्हणतो थांब. टॉम कायम फुललेला राहत नाही. तोंडाने एक छोटा आवाज काढ, हलका टक असा, तो पिसं खाली करतो, मान वर करतो, दोन सेकंद बघतो. ते दोन सेकंद तुझे.

पाठमोरा असेल आणि पंखा उघडा असेल तर शेपटी जिथून सुरू होते त्या बुंध्याशी, गुदद्वाराच्या जागी नेम. ऐकायला विचित्र वाटतं पण तो फार चांगला शॉट आहे, बाण आरपार लांबीने छातीत जातो, आणि दुसरा फायदा म्हणजे पंखा उघडा असताना त्याला मागचं काहीच दिसत नाही, बो खेचायला तेव्हाच वेळ मिळतो. पाठमोरा आणि पिसं मिटलेली असतील तर पाठीच्या मधोमध, दोन पंखांच्या मध्ये, कण्यावर. समोरून तोंड करून उभा असेल तर छातीवर दाढीसारखा केसांचा झुपका लोंबतो ना, त्याच्या मुळाच्या थोडं वर आणि मानेच्या बुडाच्या खाली, मधल्या रेषेत. हा शॉट लोक घेतात, मी टाळतो. जागा लहान, समोर जाड मांस, आणि बोटभर इकडेतिकडे झालं की नुसती छाती फाटते.

डोक्याचं मी शेवटी सांगतो कारण तुझ्या वयाच्या पोरांना तेच आवडतं. त्याच्यासाठी वेगळे ब्रॉडहेड, म्हणजे बाणाची धारदार पात्यांची टोकं, मिळतात, चार इंच पसरलेली लांब पाती असतात, मान तुटते किंवा पूर्ण चुकतो, मधलं काही नाही असं म्हणतात. पण ते जड पडतात, बाणाचं उड्डाण बिघडतं, दहा-बारा यार्डाच्या पुढे भरवसा नाही, आणि टर्कीचं डोकं एक क्षण स्थिर नसतं, चालताना कोंबडीसारखं मागेपुढे होतं. साध्या ब्रॉडहेडने डोक्यावर मारू नकोस, चोच किंवा जबडा फुटून पक्षी पळाला तर तू म्हणतोस तीच तडफड होईल.

अंबाझरी_तिरंदाज:

दादा, मनापासून धन्यवाद. इतकं स्पष्ट कोणीच सांगितलं नव्हतं. वर आणि मागे असं तुम्ही म्हणता ते डोक्यात बसतंय पण का ते कळलं तर हात आपोआप तिथे जाईल असं वाटतं. आणि किती यार्डापर्यंत मारू? आम्ही तर ५० मीटर खेळतो.

गुरांचा_डॉक्टर_हिंगणा:

का ते मी सांगतो. मी व्हेटर्नरीचा माणूस, तीस वर्षं गुरं आणि कोंबड्या बघतोय, शिकार कधी केली नाही, पण पक्ष्याचं शरीर आतून रोज बघितलंय, कोंबडी असो की टर्की आराखडा एकच.

माणसाचं किंवा हरणाचं फुफ्फुस फुगतं आणि आकसतं, छाती भरून असतं. पक्ष्याचं तसं नसतं. त्याचं फुफ्फुस छोटं, घट्ट, आणि पाठीच्या कण्याखाली बरगड्यांना चिकटून बसलेलं असतं, इतकं चिकटून की बाहेर काढलं तर त्याच्यावर बरगड्यांच्या खाचा उमटलेल्या दिसतात. हवा पुढेमागे ढकलायचं काम हवेच्या पिशव्या करतात, फुफ्फुस स्वतः जवळजवळ हलतच नाही. हृदय त्याच्या खाली, यकृताच्या दोन पाळ्यांच्या मध्ये. आणि त्याच्या खाली छातीचं होडीसारखं हाड, त्याला दोन्ही बाजूंनी मांसाचे मोठे गोळे. म्हणजे बाजूने बघितलं तर खालचा निम्मा भाग नुसतं मांस आणि हाड. समोरच्या भागात मानेच्या बुडाशी दाण्याची पिशवी, अन्नाची, ती फुटली तर पक्षी लगेच मरत नाही. आता वर मॅडिसनवाल्यांनी सांगितलं की पुढे आणि खाली मारलं तर पक्षी गेला, ते यामुळे. पुढे-खाली चुकलं तर मांस आणि अन्नपिशवी. वर-मागे चुकलं तर कणा, मूत्रपिंडं, खुबा. पक्षी जागीच बसतो. म्हणून चुकायचंच असेल तर कुठल्या बाजूला चुकायचं हे आधी ठरवून ठेव.

पायाचंही सांगतो. पक्ष्याचा जो उलटा वाकलेला गुडघा आपल्याला दिसतो तो गुडघा नाही, तो घोटा आहे. खरा गुडघा पिसांच्या आत, आणि मांडीचं हाड अंगाला चिकटून जवळपास आडवं. म्हणून पायाची रेघ सरळ वर नेली तर ती मांडीच्या मधून अंगाच्या मध्यावर निघते, फुफ्फुसाच्या मागच्या काठाला. टर्कीसारखा जड पक्षी जमिनीवरून उठतो तो आधी पायाच्या उडीने, पंख नंतर. मांडी मोडली तर उडणंही अवघड होतं आणि पळणंही.

एक काम कर. रविवारी चिकनवाल्याकडून एक अख्खा गावरान कोंबडा घे, कापून साफ करू नको म्हण, नुसता सोलून दे. घरी ओट्यावर कुशीवर ठेव, पंख मिटव, आणि जाड विणकामाची सुई घेऊन पंखाच्या सांध्यातून आरपार घाल. मग पाठीकडून उघड आणि बघ सुई कशातून गेली. नंतर दुसरी सुई छातीच्या मधून घाल आणि तेही बघ. आपल्या घरी आई कोंबडी साफ करताना बरगड्यांच्या खोबणीतून बोटाने खरवडून गुलाबी स्पंजसारखं काहीतरी काढते ना, तेच फुफ्फुस. ते किती वर असतं हे एकदा बोटाने कळलं की चित्रं बघायची गरज नाही.

काटोलरोड_कोच:

डॉक्टर सायबांनी लय भारी सांगतलं. मी पोट्ट्यांले शिकवतो, शिकार नाई केली कधी, पण नेमाचं सांगतो भाऊ तुले.

तू ५० मीटरचं म्हनतो. ८० सेंटीमीटरच्या कागदावर दहाचं वर्तुळ ८ सेंटीमीटरचं असते, आपला नागपूरचा ओजस देवतळे २०२३ ले बर्लिनमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलले १५ बाणांत १५० पैकी १५० करून गेला, म्हंजे ५० मीटरवरून १५ चे १५ बाण थ्या संत्र्याएवढ्या जागेत. आता तू म्हनशीन मंग मी २० यार्डावर कसा चुकीन. चुकशीन, काऊन का कागद हालत नाई अन् कागदाचा जीव जात नाई. छाती धडधड करते ना तेव्हा पिन संत्र्यावर नाई, अख्ख्या झाडावर फिरते. म्हनून अंतर अर्धं कर. रेंजवर तुले जे ४० जमते थे तिथं २० समज.

दुसरं असं का तू उभा राहून मारते, साधी सरळ स्टान्स. तिथं लपायच्या तंबूत बसून राहाशीन, स्टूलवर, गुडघे अडकते, कोपर कापडाले लागते. आतापासून प्लास्टिकच्या स्टूलावर बसून मारत जा. अन् पाच-सहा यार्डावरून मारून पाह्य. आपल्या पोट्ट्यांनी कधीच मारलं नसते इतल्या जवळून. २० ची पिन लावून पाच यार्डावर मारलं तर बाण खाली लागते, कारन बाण तुह्या डोळ्याच्या रेषेच्या खालून निघते अन् इतल्या जवळ वर यायले त्याले वेळच नाई भेटत. खाली लागला म्हंजे काय होते थे वरच्या भाऊनं सांगतलंच. कोनती पिन कोनत्या अंतराले थे कागदावर लिहून बोच्या लिंबवर, म्हंजे वाकनाऱ्या पात्यावर, चिकटवून टाक.

फोमच्या टार्गेटवर कोंबड्याचं चित्र नको काढू. नुसते दोन पाय काढ अन् वरचं सारं कोरं ठेव. जागा तू शोधायची.

मॅडिसन_ते_मानेवाडा:

कोच साहेब, स्टूलचं अगदी बरोबर. पहिल्या वर्षी माझ्या बोचा खालचा कॅम, म्हणजे टोकाचं चाक, स्टूलच्या पायाला आपटला होता.

अंतराचं, भावा, मी स्वतःला २० यार्डाची मर्यादा घातली आहे आणि डिकॉय सात-आठ यार्डावरच ठेवतो. लोकांना वाटतं जवळ ठेवला तर पक्षी बिथरेल, पण तंबू असला आणि आत काळे कपडे घालून बसलास, मागच्या खिडक्या बंद असल्या, तर त्याला आतलं काही दिसत नाही. टर्कीला वास जवळपास येत नाही पण नजर भयंकर. उघड्यावर बसून बो खेचलास तर संपलं. नर डिकॉय ठेवत असशील तर त्याचं तोंड तुझ्याकडे कर, कारण टॉम भांडायला आला की फिरून त्याच्या तोंडासमोर उभा राहतो, म्हणजे तुझ्याकडे पाठ. पंखा उघडा, पाठ तुझ्याकडे, बो खेच.

तुझं ड्रॉ वेट, म्हणजे बो खेचायला लागणारा जोर, काय आहे माहीत नाही पण टर्कीला ५५-६० पाउंड लागत नाहीत, मी ४८ वर आणतो सीझनपुरतं, बसून सावकाश खेचता आलं पाहिजे आणि मिनिटभर धरून ठेवता आलं पाहिजे. ब्रॉडहेड मी दोन इंच उघडणारं मेकॅनिकल वापरतो. भारतातून नेऊ नकोस, तिथे जाऊन घे, आणि त्याच ब्रॉडहेडने फोमवर दहा-बारा बाण मारून बघ. टार्गेटच्या टोकाचा बाण आणि ब्रॉडहेडचा बाण एकाच जागी लागेल असं धरून चालू नकोस.

आणि कपड्यात लाल, पांढरं, निळं काही नको, बनियन किंवा मोजेसुद्धा नाही. वसंतात टॉमचं डोकं याच तीन रंगांचं असतं आणि झाडीत दुसरा कोणी शिकारी असेल तर त्याला तू टर्की वाटशील. हे गमतीत घेऊ नकोस.

पेंच_पाऊलवाट:

मी शिकार करत नाही आणि करणारही नाही, माझे सगळे शनिवार-रविवार पेंच आणि उमरेड-कऱ्हांडल्यात जातात. धागा वाचून आधी राग आला, खरं सांगते. आपण मोराला, तितराला, लावरीला हात लावू देत नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली म्हणून आज ही जंगलं उभी आहेत, आणि आपलीच मुलं तिकडे जाऊन पक्ष्यावर बाण मारणार. भाऊ, तुम्ही चांगले नेमबाज आहात, मग फोटो काढून का नाही भागत? प्रामाणिकपणे विचारतेय. आणि हे वाचून इथल्या एखाद्या पोराने तलावाकाठच्या पाणकोंबडीवर प्रयोग केला तर?

अंबाझरी_तिरंदाज:

ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे. इथे भारतात करायचा विचारही नाही, तो गुन्हा आहे आणि असलाच पाहिजे, मी आमच्या रेंजवरच्या पोरांना कबुतरावर रोखलेला बोसुद्धा खाली ठेवायला लावतो. ज्याने हे वाचून इथल्या कुठल्याही पक्ष्यावर बाण मारला तो माझ्या बाजूचा नाही.

मी का जातोय याचं उत्तर एवढंच देता येईल की मी मांस खातो. आठवड्यातून दोनदा चिकन आणतो आणि कोणीतरी मागे कापून पिशवीत घालून देतो. एकदा तरी आपल्या हाताने, आपल्या जबाबदारीवर, आणि नीट. म्हणूनच जागा विचारतोय.

मॅडिसन_ते_मानेवाडा:

ताई, तुम्हाला एक सांगावंसं वाटतं, पटवायला नाही. विस्कॉन्सिनमधून टर्की १८८१ च्या सुमारास पूर्ण संपली होती, बेसुमार शिकार आणि जंगलतोड, आपल्याकडे चित्त्याचं झालं तसंच. १९७६ मध्ये मिसुरी राज्यातून पकडलेले २९ जंगली पक्षी व्हर्नन काउंटीत आणून सोडले, बदल्यात विस्कॉन्सिनने त्यांना ग्राऊस नावाचे पक्षी दिले. तिथून सुरुवात होऊन पुढे पसरत पसरत आज राज्याच्या प्रत्येक काउंटीत टर्की आहे. आपल्याकडे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या, तोच विचार. इथे शिकाऱ्याच्या परमिटचा आणि टर्की स्टँपचा पैसा त्या कामाला जातो, १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवर कर लागला, पुढे धनुष्यबाणावरही लागला, तोही वन्यजीवांवर खर्च होतो. वसंतात फक्त दाढीवाला पक्षी मारता येतो, त्यात जवळजवळ सगळे नरच, आणि तेव्हा माद्यांची वीण होऊन गेलेली असते किंवा चालू असते, त्यांना धक्का नाही. सीझन सात-सात दिवसांच्या सहा टप्प्यांत, परमिटवर भाग आणि टप्पा दोन्ही लिहिलेलं. मारला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नोंद करावी लागते.

पेंच_पाऊलवाट:

२९ पक्ष्यांचं माहीत नव्हतं. माझं मत बदललं असं नाही, पण समजलं. भाऊ, तुम्ही जाणारच आहात तर एक मागते. खात्री नसेल तर सोडू नका बाण.

गुरांचा_डॉक्टर_हिंगणा:

ताईंनी जे मागितलं तेच माझं. आणि बाण लागल्यानंतर काय करायचं हे कोणी लिहिलं नाही, तेही विचारून घे.

मॅडिसन_ते_मानेवाडा:

हो, राहिलंच. बाण सुटला की लगेच दुसरा चढव, आनंद नंतर. पक्षी जागीच फडफडत असेल तर पटकन जा, पायाच्या मागे अणकुचीदार काटे असतात ते हाताला लागू देऊ नकोस. पण लागल्यावर तो खांदे पाडून, अंग आकसून चालत गेला तर अजिबात उठू नकोस. कुठल्या झाडाजवळून, कुठल्या कुंपणाजवळून गेला ते डोळ्यात ठेव आणि बसून राहा, अर्धा तास तरी, जास्त बरा. पाठलाग केलास तर त्याच्यात उरलेल्या जोरावर तो उडेल आणि मग माझ्यासारखे चार तास. सोडला तर तो बहुतेक पहिल्या दाट आडोशाला जाऊन बसतो. शोधताना जमिनीवर रक्त शोधू नकोस, पिसं शोध, आणि पडलेल्या ओंडक्यांच्या खाली, झुडपांच्या मुळाशी हात घालून बघ.

अंबाझरी_तिरंदाज:

मंडळी, परत आलो. नागपुरात उतरलो तेव्हा ४४ डिग्री होती आणि तिथे सकाळी बोटं गारठत होती. सांगायचं कबूल केलं होतं म्हणून सगळं लिहितो.

जाण्याआधी डॉक्टर काकांचा सुईचा प्रयोग तीनदा केला, आईने तिसऱ्या वेळी मला ओट्यावरून हाकललं. पण काका, तुम्ही म्हणालात ते खरं, बोटाने कळलं ते कुठल्या चित्राने कळलं नव्हतं. छातीतून घातलेली सुई तिन्ही वेळा नुसत्या मांसातून निघाली, तिला आतलं काही शिवलंच नाही. कोच सरांचं दोन पायांचं टार्गेट दोन महिने मारलं, स्टूलावर बसून. २० च्या पिनने पाच यार्डावर माझा बाण चार बोटं खाली जात होता, हे कळलं नसतं तर मी तिथे नक्की चुकलो असतो.

शिकारीचा सुरक्षा-कोर्स वेळेत झाला नाही पण तिथे मेंटरच्या, म्हणजे अनुभवी शिकाऱ्याच्या, हाताच्या अंतरात बसून मारायची परवानगी असते, दादाच्या शेजारचे ते शेतकरी आजोबा माझ्या शेजारीच बसले होते पूर्ण वेळ. पहिल्या दिवशी पहाटे झाडावरून गॉबल-गॉबल असा आवाज आला, अंगावर काटा आला माझ्या, रेकॉर्डिंगमध्ये त्याचा दहावा हिस्साही येत नाही. उजाडल्यावर एक टॉम आला, नऊ यार्ड, समोर तोंड, पूर्ण फुललेला. चार मिनिटं तिथेच नाचला. मी बो खेचला, धरला, आणि खाली घेतला, परत खेचला. तो फिरलाच नाही. पिसं खाली केलीच नाहीत. आजोबांनी टक केलं तरी नाही. मग गेला. मला वाटलं आजोबा नाराज होतील, त्यांनी नुसता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ताई, तुमचं वाक्य डोक्यात होतं तेव्हा.

तिसऱ्या दिवशी दोन आले, एक मोठा आणि त्याच्यामागे एक जेक, म्हणजे कोवळा नर. मोठा सरळ डिकॉयकडे गेला, मॅडिसनदादा म्हणाले तसाच फिरून त्याच्या तोंडासमोर उभा राहिला, पाठ आमच्याकडे, पंखा उघडा. मी तेव्हा खेचला. शॉट तिथेच होता, शेपटीच्या बुंध्याशी, पण मध्ये जेक येत होता म्हणून थांबलो. मग मोठ्याने पिसं मिटली, एक पाऊल टाकलं, बाजूने झाला, मान वर. अकरा यार्ड. सांधा दिसत होता स्पष्ट. पिन ठेवली तेव्हा ती संत्र्यावर नव्हती कोच सर, झाडावर होती. एक श्वास सोडला, ती आत आली, आणि सुटला.

चार पावलं गेला असेल. पंख एकदा उघडायचा प्रयत्न केला, उघडले नाहीत, आणि बसला, मग आडवा. मी मोजलं नाही पण सात-आठ सेकंद. मी जागेवरून उठलो नाही कारण पाय हलत नव्हते.

आजोबांच्या गोठ्यात आम्ही तो उघडला. बाण मला हवा होता त्यापेक्षा दोन बोटं मागे लागला होता. सांध्याचा मागचा काठ, दोन्ही फुफ्फुसं, पलीकडच्या बाजूची बरगडी. बरगड्यांच्या खाचा फुफ्फुसावर तशाच होत्या काका. साडेनऊ किलोचा पक्षी, आणि ती जागा माझ्या मुठीपेक्षा जराशी मोठी.

छातीचं मांस दादाने कापून फ्रीजरमध्ये ठेवलं, मांड्या वहिनीने सावजी मसाल्यात केल्या, तीन तास मंद आचेवर, तरी चिवट होत्या. आजोबांनी रस्सा पोळीसोबत दोनदा मागून घेतला.

काटोलरोड_कोच:

शाब्बास पोट्ट्या. बो किती पाउंडवर होता?

अंबाझरी_तिरंदाज:

सर, ५० वर. पहिल्या दिवशी ५६ वर होता, चार मिनिटांत दुसऱ्यांदा खेचताना हात थरथरला म्हणून संध्याकाळी कमी केला आणि पिना परत लावल्या.

पेंच_पाऊलवाट:

पहिल्या दिवशी सोडलात ते वाचलं. त्याबद्दल आभार.